पडद्यामागचे दामलेमामा

गेल्या वर्षी आम्ही सात मित्रांनी वारज्याला दहा मिनिटांचा एक लघुपट करावयास घेतला. कामांची वाटणी करण्यास बसलो, तेव्हा दिग्दर्शक व्हावयास चौघे तयार, कॅमेरा हाती घ्यावयास दोघे. ध्वनिमुद्रण मात्र कोणासच नको. शेवटी जो उशिरा आला त्याच्या गळ्यात ते पडले. तो उशिरा आलेला मीच. महामार्गाच्या पुलाजवळ चित्रण उरकले. घरी येऊन ऐकतो तो काय, नायिकेच्या प्रत्येक वाक्यावरून एकेक ट्रक गेलेला! लघुपट तसाच पडून राहिला आणि दोघा मित्रांशी माझा अबोला सुरू झाला.

त्या दिवसांत विष्णुपंत गोविंद दामले यांच्याविषयी मिळेल ते मी वाचू लागलो. ज्या कामाची मला लाज वाटत होती, तेच काम या माणसाने स्वतःच्या कंपनीचा मालक असूनही पत्करले होते.

दामल्यांचा जन्म 1892 सालचा, कुलाबा जिल्ह्यातील पेणचा. कोल्हापुरास आनंदराव व बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली ते नाटकांचे पडदे रंगविण्यास शिकले. पुढे बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत जे पडेल ते काम त्यांनी केले. तेथेच फत्तेलाल यांच्याशी त्यांची जोडी जमली ती अखेरपर्यंत. 1928 साली दोघांनी मिळून 'महारथी कर्ण' हा मूकपट दिग्दर्शित केला.

1 जून 1929 रोजी कोल्हापुरात 'प्रभात' निघाली. भागीदार पाच, आणि प्रत्येकाचे खाते निराळे. दिग्दर्शन शांतारामबापूंकडे, कलाविभाग फत्तेलालांकडे, कॅमेरा धायबरांकडे, पैशांची बाजू सीताराम कुलकर्ण्यांकडे. 1931 साली 'आलमआरा'ने पडदा बोलू लागला आणि ध्वनीचे अगदी नवे, कोणासही न येणारे खाते उभे राहिले. ते दामल्यांनी घेतले. 'प्रभात'चा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' 1932 साली झळकला. नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून गात असे आणि गाणे त्याच क्षणी मुद्रित होई. आवाज बिघडला की उत्तम अभिनयही फुकट जाई. हे वाचले आणि आमच्या पुलाजवळचे ट्रक माझ्या कानांत पुन्हा धडधडू लागले.

1933 मध्ये 'प्रभात' पुण्यास आली. 1936 साली दामले-फत्तेलाल या जोडीने 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. त्यातील एक अभंग शांताराम आठवल्यांनी लिहिलेला. पण तो इतका एकजीव झाला की अनेकांनी तो तुकोबांचाच मानला. पागनीसांचा तुकाराम आपणा सर्वांस आठवतो. पण कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे, हे कितीजणांस ठाऊक असते? दिग्दर्शकाच्या जागीही एक नाव नव्हते, दोन होती. आणि त्यांत कोणाचा वाटा किती, हे पडद्यावर शोधून सापडत नाही.

1942 मध्ये शांतारामबापू 'प्रभात' सोडून गेले. 1945 च्या जुलैमध्ये दामले वारले. कंपनीही पुढे फार वर्षे टिकली नाही. तिच्याच जागेत 1960 साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली. वारज्याहून कर्वे रस्त्याने डेक्कनकडे जाताना प्रभात रस्त्याची पाटी दिसते. त्या पाटीतही व्यक्तीचे नाव नाही, सगळ्यांचे मिळून एक नाव आहे.

मी अबोला मोडला. नव्याने वाटणी केली, तेव्हा ध्वनीचे काम मी मागून घेतले. आदल्या दिवशी एकटाच मुठेकाठी जाऊन डोळे मिटून ऐकत बसलो. ट्रकांचा आवाज तेथवर किती पोहोचतो आणि पहाटे तो केव्हा कमी असतो, हे टिपून घेतले. चित्रणाच्या दिवशी आवाज बिघडला की दिग्दर्शकास थांबविण्याचा अधिकार माझा, असे ठरले. प्रत्येक जागी सर्वांना गप्प उभे करून मिनिटभर नुसती तेथली शांतताही मुद्रित केली. संकलन करताना वाक्यांमधल्या फटी तिनेच बुजल्या.

संमेलनात लघुपट दाखविला. नायिकेचे कौतुक झाले, कॅमेऱ्याचेही झाले. आवाजाविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. मागच्या रांगेत बसून मी मनातल्या मनात दामलेमामांना नमस्कार केला. आवाज कोणाच्या ध्यानातच आला नव्हता, म्हणजे काम नीट झाले होते!