दुसऱ्याची लेकरं आपल्या घरात : कर्मवीर भाऊराव पाटील

सीमाभागातल्या गावागावांत आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी मंडळींच्या घरात भिंतीवर एक फोटो असतो. पांढरी दाढी, अंगात खादी, खांद्यावर घोंगडी. हे कर्मवीर भाऊराव पाटील, विद्यार्थ्यांचे अण्णा. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून सगळे त्यांना ओळखतात. पण हजारो पोरांना शाळेत बसवणारा हा माणूस स्वतः शाळेत कसा होता आणि दुसऱ्याच्या पोरांना घरात घ्यायची बुद्धी त्याला कुठून झाली, ही गोष्ट तेवढी सांगितली जात नाही.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा. घराणे जैन. मूळ पुरुष कर्नाटकातल्या मूडबिद्रीकडचे असे सांगतात. म्हणजे आपल्याकडच्या अनेक घरांसारखेच, एक पाय कन्नड मुलखात आणि एक मराठी मुलखात. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला. बदलीची नोकरी, त्यामुळे पोराची शाळाही दहिवडी, विटा अशी फिरती राहिली. अभ्यासात मन नाही. कुस्ती, पोहणे आणि उनाडक्या यांतच सगळा जीव. लहानपणी अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून एका विहिरीचा रहाट त्यांनी मोडून टाकला, ही गोष्ट आजही त्या भागात सांगतात. आजच्या भाषेत सांगायचे तर हे हाताबाहेर गेलेले पोर होते.

पुढच्या शिक्षणासाठी त्यांना कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात घातले. राहायला जैन बोर्डिंग. तिथले अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे, हेच पुढे १९३७ च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. बोर्डिंगची शिस्त कडक आणि भाऊराव कुणाचे ऐकणारे नव्हते. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर अंघोळ करूनच आत यायचे, असा हुकूम झाला. अंघोळ कशासाठी, हे त्यांना पटेना. ते अडून बसले आणि बोर्डिंगातून त्यांना काढून टाकले.

घरापासून लांब, खिशात पैसा नाही, अभ्यासाची बोंब आणि वर शिस्तभंगाचा शिक्का. अशा पोराला कोण जवळ करणार? जवळ केले राजर्षी शाहू महाराजांनी. त्यांनी भाऊरावांना राजवाड्यावर ठेवून घेतले. म्हणून परीक्षा पास झाली असे मात्र नाही. गणितात गाडी अडली ती अडलीच. खुद्द महाराजांनी शब्द टाकला, तरी गणिताचे मास्तर भार्गवराम कुलकर्णी पास करायला तयार झाले नाहीत. हा पोरगा बसतो त्या बाकाला एक वेळ वर चढवीन पण ह्याला नाही, असे त्यांनी सांगितल्याची आठवण प्रसिद्ध आहे. शिक्षण तिथेच थांबले. पण काढून टाकलेल्या पोराला कुणीतरी दार उघडले तर काय होते, हे भाऊरावांनी स्वतः अनुभवले होते.

पुढे ते साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागले. ज्याला गणिताने रडवले तोच पाटील मास्तर म्हणून नावारूपाला आला. मधल्या काळात मात्र एक मोठे संकट आले. १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातल्या पुतळ्याला डांबर फासण्याचे प्रकरण झाले. संशय लठ्ठ्यांवर होता आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगातून हाकलले त्याच्यावर सूड उगवायची आयती संधी होती. भाऊरावांनी नकार दिला. त्याबद्दल अटक झाली, हाल झाले. कोठडीत त्यांनी जीव द्यायचा प्रयत्नही केला. पण खोटे बोलले नाहीत.

सुटकेनंतर पोटासाठी ओगल्यांच्या काच कारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या नांगराचे काम केले. नांगर विकायला खेडोपाडी फिरताना शेतकऱ्याचे घर आतून दिसले. कर्ज, अडाणीपण, आणि शाळा गावात असली तरी दाराबाहेर बसणारी पोरे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले इथे सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. त्याआधीचा एक प्रसंग. दलित समाजातला एक मुलगा वर्गाच्या बाहेर बसून शिकत होता. ज्ञानदेव घोलप त्याचे नाव. भाऊरावांनी त्या पोराला उचलले आणि कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन ठेवले. हाच मुलगा पुढे मुंबई विधिमंडळाचा सभासद झाला.

१९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन सगळी पोरे एका छताखाली, एका पंगतीत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. ज्या महाराजांनी आपल्याला आसरा दिला त्यांचेच नाव भाऊरावांनी या घराला दिले.

बोर्डिंग म्हटले तरी सुरुवातीला ते भाऊरावांचे घरच होते. कुणाला आई नाही, कुणाला बाप नाही, कुणाला दोन्ही असून खायला नाही. काही पोरे शिस्तीची, काही अगदी द्वाड. अंधारात रडणारी होती, घरच्या आठवणीने पळून जायला बघणारी होती. त्यांचे दुखले-खुपले बघायचे काम लक्ष्मीबाईंकडे, म्हणजे अण्णांच्या पत्नीकडे. त्या सोवळ्या-ओवळ्याच्या वळणात वाढलेल्या. शिवाशिवीचे संस्कार एका दिवसात जात नाहीत. पण ज्या पोराला पदराखाली घेतले त्याची जात विचारायची कशी? त्यांनी सगळ्यांना एकाच चुलीवरचे रांधून वाढले. नातेवाईकांनी नाके मुरडली, तरी त्यांनी पंगत मोडली नाही.

अण्णा सदा फिरतीवर, धान्य आणि देणग्या गोळा करत. मागे घरात कणगी रिकामी व्हायची. माहेरचे, सासरचे जे सोने होते ते हळूहळू पोरांच्या पोटात गेले. एकदा तर घरात काहीच उरले नाही, अण्णा बाहेरगावी. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र उतरवून दिले आणि त्यावर धान्य आणवले. त्या काळात सवाष्णीने मंगळसूत्र काढणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बायकांना वेगळे सांगायला नको. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या इमारती मोठ्या होताना त्यांनी पाहिल्या नाहीत. आज त्यांना रयतमाउली म्हणतात.

अण्णांची माया वेगळ्या जातीची होती. ते पोरांना कुरवाळत बसले नाहीत. पोरांनी शेतात राबायचे, दगड फोडायचे, स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे आणि मग वर्गात बसायचे. कुणाच्या उपकारावर शिकतो, ही खंत पोराला आयुष्यभर वाकवते. आपल्या घामाचे खाल्ले तर मान ताठ राहते. राजवाड्यावर राहिलेल्या माणसाला हे नीट कळले होते. यातूनच कमवा आणि शिका ही पद्धत रुजली. १९४० साली साताऱ्यात बडोद्याच्या राजांच्या नावाने महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेही याच वाटेने चालले. १९३५ मध्ये मास्तर घडवायचे सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. खेड्यांतल्या व्हॉलंटरी शाळांचा आकडा ५७८ वर गेला.

त्या बोर्डिंगातून निघालेली पोरे कुठे पोचली याचे एक उदाहरण म्हणजे बॅ. पी. जी. पाटील. गरिबाघरचा हा मुलगा अण्णांच्या आधाराने शिकला, बॅरिस्टर झाला आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पण सगळेच काही कुलगुरू झाले नाहीत. बहुतेक जण मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, नाहीतर शिकलेले शेतकरी झाले. त्यांच्या घरातली पुढची पिढी मात्र वर्गाच्या आत बसली, दाराबाहेर नाही.

१९५९ साली सरकारने पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. इंग्रजी शाळेची शेवटची परीक्षा ज्याला पार करता आली नाही त्याला विद्यापीठाची सर्वोच्च पदवी. त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णांनी जगाचा निरोप घेतला.

आज वसतिगृहे आहेत, आश्रमशाळा आहेत, अनुदान आहे, योजना आहेत. तरीही शाळेत एखादे पोर असतेच, मामाच्या नाहीतर आजीच्या घरी वाढणारे, अंगावर धावून येणारे, गणितात नापास होणारे. त्याचा दाखला हातात देऊन मोकळे होणे फार सोपे आहे. कोल्हापूरच्या एका बोर्डिंगने १९०८ साली तेच केले होते. त्या रात्री दुसरे दार उघडले नसते, तर पुढच्या हजारो दारांचे काय झाले असते, याचा विचार प्रत्येक मुख्याध्यापकाने दाखल्यावर सही करण्याआधी एकदा तरी करावा.