तोलाचे कोडे सोडविणारा वैद्य

फुगडी घालताना दोघी मैत्रिणी गरगर फिरतात आणि एकदम थांबतात. त्या थांबतात, पण भोवतालचे अंगण मात्र फिरतच राहते! पाय लटपटतात, तोल जातो, आणि काही क्षणांनी सारे पूर्ववत होते. हा अनुभव तुम्हां सर्वांना असेल. पण असे का होते, हे शोधून काढण्यासाठी एका वैद्याने आपल्या आयुष्यातील कितीतरी वर्षे वेचली. त्या वैद्याचे नाव रॉबर्ट बारानी.

बारानी यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. लहानपणीच त्यांना हाडांचा क्षयरोग जडला. रोग बरा झाला, पण एक गुडघा कायमचा ताठर झाला. दुसरा एखादा मुलगा खचून गेला असता. बारानी मात्र त्याच पायाने डोंगर चढत आणि टेनिसही खेळत. या दुखण्यामुळेच त्यांच्या मनात वैद्यकशास्त्राची ओढ उत्पन्न झाली. १९०० साली व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवून, पुढे १९०३ पासून ते प्रसिद्ध कर्णरोगतज्ज्ञ पोलित्सर यांच्या रुग्णालयात काम करू लागले.

कान हे ऐकण्याचे इंद्रिय आहे, हे सर्वांनाच ठाऊक असते. पण कानाच्या अगदी आतल्या भागात, हाडाच्या पोकळीत, तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असतात. त्यांचा ऐकण्याशी संबंध नसतो. फ्लूराँस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० नंतरच्या दशकात कबुतरांवर प्रयोग केले, तेव्हा या नलिका तुटलेली कबुतरे तोल जाऊन भलतीकडेच गिरक्या घेऊ लागली. बेडकाच्या कानातही अशाच नलिका असतात. बेडकाला फळीवर बसवून फळी हळूच कलती केली, तर तो पाय रोवून आपले डोके सावरतो. पण एका बाजूचा अंतर्कर्ण निकामी झाला, तर त्याचे डोके त्याच बाजूला कलते. म्हणजे तोल सांभाळण्याचे काम या नलिकांकडे असले पाहिजे, एवढे विद्वानांना उमगले होते. परंतु जिवंत माणसाच्या हाडात दडलेल्या या इवल्याशा नलिका नीट काम करतात की नाही, हे तपासावे कसे, हा मोठाच प्रश्न होता.

त्याचे उत्तर एका रुग्णाच्या तक्रारीतून मिळाले. बारानी पिचकारीने रुग्णांचे कान धूत असत. त्या वेळी पुष्कळांना घेरी येई आणि त्यांची बुबुळे एका बाजूकडे झटके देत हलू लागत. एकदा एका रुग्णाने सांगितले, की पाणी पुरेसे ऊन नसले तरच आपल्याला घेरी येते, घरी ऊन पाण्याने कान धुतल्यास काही होत नाही. बारानींनी त्याचे म्हणणे उडवून लावले नाही. त्यांनी परिचारिकेला अधिक ऊन पाणी आणण्यास सांगितले. पुढच्या वेळी तिने आणलेले पाणी इतके कढत होते, की तो रुग्ण ओरडलाच, आणि त्याला पुन्हा घेरी आली. बारानींनी तत्काळ त्याच्या डोळ्यांकडे पाहिले. बुबुळे आताही हलत होती, पण आधीच्या उलट दिशेने!

थंड पाण्याने एका दिशेला आणि कढत पाण्याने दुसऱ्या दिशेला! याचा अर्थ पाण्याच्या उष्णतेतच काही मर्म होते. शरीराइतकेच ऊन पाणी वापरले, तर घेरी येत नव्हती. विचार करता करता बारानींना स्नानाचे पाणी तापविण्याच्या भांड्याची आठवण झाली. आपल्याकडील बंबातही वरचे पाणी कढत असते आणि तळाचे गार. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व गार पाणी जड होऊन खाली बसते. कानातील नलिकांतही द्रव असतो. थंड पाण्याने त्याचा एक भाग गार झाला, तर तो खाली सरकेल आणि द्रव वाहू लागेल. तसे असेल, तर डोके उलटे केल्यास बुबुळांची दिशाही उलटली पाहिजे. बारानींनी प्रयोग करून पाहिला आणि तसेच घडले.

या द्रवाच्या हालचालीचा घेरीशी काय संबंध? नलिकेच्या तोंडाशी सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात. आपण मान वळवली, की नलिका वळते, पण आतला द्रव किंचित मागे रेंगाळतो आणि ते केस वाकतात. या पेशींपासून निघणाऱ्या मज्जातंतूंतून मेंदूकडे सतत संदेश जात असतात. मान एकीकडे वळताच एका कानाचे संदेश वाढतात, दुसऱ्याचे मंदावतात, आणि त्यांतील फरकावरून मेंदूला हालचाल कळते. फुगडी थांबली तरी द्रव क्षणभर फिरतच राहतो. म्हणून अंगण फिरल्याचा भास होतो.

बारानींनी १९०६ साली आपला शोध प्रसिद्ध केला. रुग्णाला बसवून फिरविण्याची खुर्ची आणि लहान मेंदूचे दोष ओळखण्याच्या कसोट्याही त्यांनी प्रचारात आणल्या. वैद्यांना आता हाडाला हात न लावता अंतर्कर्णाची परीक्षा करता येऊ लागली.

इतक्यात १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. ताठर गुडघ्यामुळे बारानींना युद्धावर जाण्याची सक्ती नव्हती. तरीही ते स्वेच्छेने प्शेमिशलच्या किल्ल्यात जखमी सैनिकांवर उपचार करण्यास गेले. दीर्घ वेढ्यानंतर २२ मार्च १९१५ रोजी हा किल्ला रशियनांच्या हाती पडला. लाखाहून अधिक माणसे कैद झाली. त्यांत बारानीही होते. त्यांना दूर मध्य आशियातील मर्व्ह येथील छावणीत नेण्यात आले. तेथे त्यांना हिवतापाने गाठले.

त्या छावणीत असतानाच १९१५ साली बातमी आली, की १९१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक बारानींना मिळाले आहे. जगातील सर्वोच्च सन्मानाचा मानकरी कैदी होता! स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेड क्रॉसच्या वतीने रशियाच्या झारकडे रदबदली केली, आणि १९१६ साली बारानींची सुटका झाली. त्याच वर्षी स्टॉकहोम येथे स्वीडनच्या राजाच्या हस्ते त्यांना पारितोषिक देण्यात आले.

परंतु मायदेशी परतल्यावर सत्कारापेक्षा मनस्तापच अधिक वाट्याला आला. इतरांच्या संशोधनाचे श्रेय त्यांनी पुरेसे दिले नाही, असा आरोप व्हिएन्नातील काही सहकाऱ्यांनी केला. स्वीडनमधील शास्त्रज्ञ मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९१७ साली बारानी स्वीडनमधील उप्साला येथे गेले आणि तेथील विद्यापीठाच्या कर्णरुग्णालयात अखेरपर्यंत काम करीत राहिले. १९२६ साली ते तेथे प्राध्यापक झाले. ८ एप्रिल १९३६ रोजी, साठाव्या वाढदिवसाला अवघे दोन आठवडे उरले असताना, त्यांचे निधन झाले.

शास्त्रात शेवटचा शब्द कोणाचाच नसतो. १९८३ साली अंतराळयानात हाच प्रयोग करण्यात आला. तेथे जडही नाही आणि हलकेही नाही, तरी बुबुळे हललीच! म्हणजे बारानींनी सांगितलेल्या कारणाखेरीज आणखीही एखादे कारण असले पाहिजे. पण त्यांची कसोटी खोटी ठरली नाही. घेरीने त्रस्त झालेल्या रुग्णांची, तसेच बेशुद्ध पडलेल्यांच्या मेंदूची परीक्षा करताना डॉक्टर आजही कानात पाणी सोडून बुबुळांकडे पाहतात.

पाणी गार आहे, ही तक्रार किती साधी! ती ऐकून घेण्याइतके बारानींचे मन जागे होते, म्हणूनच तोलाचे कोडे सुटले.