नेटमधला गोलंदाज : पालवणकर बाळू

जळगाव काय किंवा धुळे काय, क्रिकेटच्या गप्पा रंगल्या की नावे निघतात ती फलंदाजांची. समोरच्याला धावा करू न देणे हे ज्याचे काम, त्या गोलंदाजाची आठवण शेवटी. मी स्वतः कॉलेजच्या संघात चेंडू टाकतो, म्हणून कदाचित मला हे अधिक बोचत असेल. पालवणकर बाळूंविषयी लिहावेसे वाटले ते त्यामुळेच.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला, चांभार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीला होते. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्या-लोटण्याचे काम बाळूंना मिळाले. पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये मिळू लागले. तिथे कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज रोज सकाळी इतरांच्या आधी येई आणि बाळूंना तासभर चेंडू टाकायला लावी. डावखुऱ्या मंदगती फिरकीवरची त्यांची हुकमत अशी साहेबाच्या सरावातून तयार झाली. हजारो चेंडू टाकले, पण त्या नेटमध्ये बाळूंच्या हाती बॅट काही कोणी दिली नाही! फलंदाजी साहेबांनी करावी, घाम नोकराने गाळावा, असा तो हिशेब.

गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने बराच खल करून बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चाले. चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू आत कपबशीत चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे पानही वेगळे. चेंडूला विटाळ नाही, कपाला मात्र आहे, हे शास्त्र मला अजून उमगलेले नाही.

प्लेगच्या साथीत ते मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पतियाळा महाराजांचा संघ जिंकला थोडे, हरला फार. पण बाळूंनी ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी, सरासरी १५.२१. एवढे करूनही कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९२० साली शिवराम आणि विठ्ठल या भावांनी या अन्यायाविरुद्ध संघ सोडला, तेव्हा कुठे बाळूंना उपकर्णधार केले गेले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठलरावांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीतच आहे.

पुढची कथा अवघड आहे. तरुणपणी डॉ. आंबेडकरांना बाळूंचा फार अभिमान. परंतु १९३२ साली पुणे कराराच्या वेळी बाळू दुसऱ्या बाजूला होते, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत खुद्द बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. काँग्रेसने इथेही त्यांच्या हाती चेंडूच दिला, असे मला वाटते. आमच्या वर्गातील मित्रांना हे पटत नाही, ते म्हणतात की बाळू स्वतःच्या मताने उभे राहिले असतील. वाद अजून चालू आहे.

भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर झाला, तेव्हा बाळूंनी पन्नाशी ओलांडली होती. जुलै १९५५ मध्ये ते वारले.