ऑस्कर बार्नाक: लेन्सला कॅमेऱ्याशी बोलायला लावणारा माणूस

फोनमध्ये कुठलाही फोटो उघडा आणि त्याची माहिती बघा. तारीख, आयएसओ, शटर स्पीड यांच्या शेजारी बऱ्याच फोनमध्ये २४ मिमी किंवा २६ मिमी असा एक आकडा दिसतो. गंमत अशी की फोनच्या लेन्सची खरी फोकल लेन्थ एवढी नसतेच, मुख्य कॅमेऱ्याची असते जेमतेम पाच-सात मिमी. मग हा आकडा येतो कुठून? तेवढंच दृश्य २४ × ३६ मिमीच्या फिल्मवर पकडायला किती फोकल लेन्थ लागली असती, त्याचा तो हिशोब असतो. म्हणजे मोजायची पट्टी आजही एका जुन्या चौकटीचीच आहे. ती चौकट आखणारा माणूस १९३६ सालीच गेला. त्याचं नाव ऑस्कर बार्नाक, लायका कॅमेऱ्याचा जनक.

मी मात्र बार्नाकपर्यंत पोचलो तो एका काळ्या मार्करमुळे. लायकाच्या जुन्या लेन्सच्या मागच्या कड्यावर हाताने सहा खुणांचा कोड रंगवला की डिजिटल कॅमेरा ती लेन्स ओळखायला लागतो. आहे जुगाडच. पण या खुणा मुळात का लागतात हे शोधत गेलं की धागा थेट या माणसाच्या कामाच्या टेबलापर्यंत जातो.

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ चा, जर्मनीत ब्रांडेनबुर्गमधल्या लिनो नावाच्या छोट्या गावातला. शिक्षण यंत्रं बनवण्याचं, तेही कॉलेजात नाही तर उमेदवारी करून. १९०२ मध्ये तो येना शहरात कार्ल झाइस कंपनीत लागला. भिंगांच्या दुनियेत त्या काळी याहून मोठं नाव नव्हतं. फोटोग्राफीचा नाद होता, पण दम्याचा त्रास होता. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, काचेच्या जड प्लेटा आणि तिपाई. हे सगळं घेऊन डोंगर चढायचे आणि वर पोचल्यावर श्वास सापडेपर्यंत बसून राहायचं. छोट्या कॅमेऱ्याची कल्पना त्याच्या डोक्यात घोळत राहिली त्यात या दम्याचा वाटा मोठा होता.

१९११ मध्ये तो वेट्झलारला एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यात गेला. झाइसमधला त्याचा जुना सहकारी एमिल मेखाऊ आधीच तिथे होता. त्यानेच त्याचं नाव सुचवलं. लाइट्झ कंपनी मायक्रोस्कोप बनवायची, कॅमेऱ्यांशी तिचा फारसा संबंध नव्हता. बार्नाककडे प्रयोग विभाग आला. मेखाऊ सिनेमाच्या प्रोजेक्टरवर काम करत होता आणि बार्नाकलाही सिनेमाच्या कॅमेऱ्याची आवड होती, त्यामुळे ३५ मिमीची भोकं पाडलेली फिल्म हाताशीच असायची.

सिनेमात ही फिल्म उभी धावते आणि एक चित्र १८ × २४ मिमीचं असतं. बार्नाकने फिल्म आडवी केली आणि अशी दोन चित्रं जोडून एक केलं. झाली २४ × ३६ ची चौकट. चित्र एवढंसं, मग त्याचा मोठा फोटो कसा होणार? निगेटिव्ह छोटी ठेवायची आणि कागदावर प्रिंट मोठी करायची, हा त्याचा मार्ग. आज आपण सेन्सर नखाएवढा ठेवून फोटो टीव्हीवर बघतो, तेव्हा याच वाटेने चाललेले असतो.

१९१४ च्या सुमारास त्याचा पहिला धातूचा कॅमेरा चालू झाला. खिशात मावेल एवढा. एकाच चक्राने फिल्म पुढे जायची आणि शटरही ताणलं जायचं. एक अडचण होती: शटर ताणताना त्याची फट उघडी राहायची, म्हणून दर वेळी लेन्सवर झाकण धरावं लागे. तरीही बार्नाक तो घेऊन गावात फिरला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा वेट्झलारच्या चौकात सैन्यभरतीचा हुकूम लागला, त्या क्षणाचा त्याचा फोटो आजही बघायला मिळतो. १९२० मध्ये गावात पूर आला, त्याचेही फोटो आहेत. तिपाईवाल्या पेटीने हे जमलं नसतं.

मग दहा वर्षं काहीच नाही. युद्ध झालं, नंतर जर्मन चलनाची माती झाली. १९२४ मध्ये थोरल्या लाइट्झांचा मुलगा, दुसरे एर्न्स्ट लाइट्झ, यांच्यासमोर प्रश्न होता. बाजार मंदीत, कामगारांना काम हवं, आणि बार्नाकचं हे खेळणं विकलं जाईल याची कुणालाच खात्री नाही. बैठकीत विरोध झाला. लाइट्झांनी तरी कॅमेरा काढायचा निर्णय घेतला. मॅक्स बेरेक या भिंगतज्ज्ञाने त्याच्यासाठी ५० मिमीची लेन्स आखली आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लायका बाजारात आली. लाइट्झमधला 'लाइ', कॅमेऱ्यातला 'का'. नाव एवढं साधं आहे.

इथून पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पहिल्या लायकाची लेन्स निघत नव्हती. १९३० मध्ये आटे असलेली, बदलता येणारी लेन्स आली. पण लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक कॅमेऱ्यात किंचित वेगळं असायचं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा फरक, तरी फोटो अस्पष्ट व्हायला पुरेसा. म्हणून कारखान्यात प्रत्येक लेन्स एका ठरावीक कॅमेऱ्यावर जुळवून द्यायचे आणि त्या कॅमेऱ्याच्या नंबरचे शेवटचे तीन आकडे लेन्सवर कोरायचे. शिंप्याकडे माप देऊन शिवलेल्या सदऱ्यासारखं, दुसऱ्याच्या अंगाला बसणार नाही. तुम्हाला नवीन लेन्स हवी असेल तर कॅमेराच कारखान्यात पाठवा.

१९३१ मध्ये हे बदललं. अंतर कायमचं ठरलं, २८.८ मिमी. या मापाच्या कॅमेऱ्यांच्या कड्यावर '०' असा आकडा कोरायला लागले. आता कुठलीही लेन्स कुठल्याही कॅमेऱ्यावर. यूएसबी-सीमुळे आज जी सोय झाली तशीच ही होती, फक्त इथे सगळं काम लेथवर.

१९३२ च्या लायका-२ मध्ये रेंजफाइंडर जोडला गेला. म्हणजे काय? कॅमेऱ्यात वस्तूची दोन चित्रं दिसतात, लेन्सची रिंग फिरवून ती एकावर एक आणली की फोकस झाला. पण लेन्स किती फिरली हे कॅमेऱ्याला कळणार कसं? लेन्सच्या मागच्या टोकाला एक कडा असते, ती कॅमेऱ्यातल्या छोट्या चाकाला ढकलते. आता ५० मिमीची लेन्स फोकस करताना जेवढी पुढे सरकते तेवढी ३५ ची सरकत नाही, ९० ची त्याहून जास्त. म्हणून प्रत्येक लेन्समध्ये तिची हालचाल ५० मिमीच्या भाषेत बदलून मग चाकाला सांगितली जाते. बॅटरी नाही, वायर नाही. लेन्स कॅमेऱ्याला अंतर सांगते, तेही धातूने धातूला ढकलून.

पण स्वतःचं नाव ती सांगत नाही. बार्नाकच्या काळात तशी गरजही नव्हती. फिल्मला कुठलीही लेन्स चालायची. १६ जानेवारी १९३६ ला तो बाड नाउहाइम इथे वारला, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. रंगीत फिल्म तेव्हा अजून घरोघरी पोचायची होती, डिजिटल तर फार लांब.

१९५४ मध्ये लायका एम-३ आला. आट्यांऐवजी एका झटक्यात बसणारं कडं, आणि अंतर मुद्दाम २७.८ मिमी ठेवलं. बरोबर एक मिमी कमी. त्या एका मिमीत अडॅप्टर बसतो, म्हणून बार्नाकच्या काळातल्या लेन्सही नव्या कॅमेऱ्यावर चालतात. जुन्या गिऱ्हाइकाची एवढी काळजी आज किती कंपन्या घेतात?

प्रश्न उभा राहिला तो २००६ मध्ये, लायका एम-८ या पहिल्या डिजिटल एम कॅमेऱ्यात. एसएलआरमध्ये मध्ये आरसा असतो, त्यामुळे लेन्स लांब बसते. रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही, लेन्स सेन्सरला अगदी चिकटून. वाइड लेन्समधून कोपऱ्यांवर जाणारा प्रकाश तिरका पडतो. फिल्मला तिरक्या प्रकाशाचं फारसं वावडं नव्हतं. सेन्सरचे पिक्सल मात्र छोट्या विहिरींसारखे असतात, तिरपं ऊन तळापर्यंत पोचत नाही. परिणाम: कोपरे काळवंडतात, रंग बदलतो. तिरक्या किरणांचा त्रास कमी व्हावा म्हणून सेन्सरवरची काच पातळ ठेवली, तर त्यातून इन्फ्रारेड आत येऊ लागलं आणि काळे सिंथेटिक कपडे जांभळट दिसायला लागले. त्यावर उपाय म्हणून लेन्सवर वेगळा फिल्टर लावायचा, तर वाइड लेन्सवर त्या फिल्टरमुळे कोपरे हिरवट-निळे. एक भोक बुजवावं तर दुसरं पडतं.

हे सॉफ्टवेअरने सुधारता येतं, आपले फोन दर फोटोला तेच करतात. पण फोनला आपली लेन्स जन्मापासून माहीत असते. एम-८ ला समोर कोण आलंय हेच कळत नव्हतं. लेन्समध्ये चिप नाही, विजेचा एकही संपर्क नाही.

म्हणून सहा खुणा. लेन्सच्या मागच्या कड्यावर सहा जागा, प्रत्येक काळी किंवा पांढरी. कॅमेऱ्याच्या कड्यात सहा प्रकाश-सेन्सर, ते उजेड टाकून परतावा बघतात. काळं आणि पांढरं, म्हणजे १ आणि ०. सहा जागांतून दोनाचा सहावा घात, म्हणजे ६४ जोड्या. प्रत्येक जोडी एका लेन्सचं नाव. बारकोडच म्हणा.

नव्या लेन्स कारखान्यातून कोड घेऊनच येतात. जुन्या लेन्सला कड्यात खळगे करून रंग भरून मिळतो, पण त्याला पैसे आणि वेळ दोन्ही लागतात. त्यात एम-८ मध्ये मेन्यूतून लेन्स निवडायची सोयच नव्हती, ती एम-९ पासून आली. म्हणून लोकांनी मार्कर उचलला.

पद्धत अशी. सहा जागा नेमक्या कुठे येतात त्यासाठी साचा लागतो, अंदाजाने करू नका. कडं स्पिरिटने पुसा, तेलकट बोटाचा ठसा राहिला तर शाई धरत नाही. मग काळ्या जागांवर पर्मनंट मार्कर. उघडा धातू प्रकाश परतवतो, त्यामुळे पांढऱ्या जागा बहुतेक वेळा तशाच ठेवून चालतात. काही लेन्सच्या कड्यावर नेमका एखादा स्क्रू त्या जागेवर येतो, तिथे त्याचं डोकंही रंगवावं लागतं. पूर्ण वाळू द्या, लेन्स बसवा, मेन्यूत लेन्स ओळख चालू करा, फोटो काढून माहितीत लेन्सचं नाव आलं का बघा.

आट्यांच्या लेन्सला कोड लेन्सवर नाही, अडॅप्टरवर करायचा. माझ्याकडे एक सोव्हिएत ज्युपिटर-८ आहे, ५० मिमीची. सोव्हिएत युनियनमध्ये १९३४ पासून बार्नाकच्या कॅमेऱ्याची नक्कल 'फेड' नावाने निघत होती. ही लेन्स त्याच आट्यांवर बसते. लायकाच्या यादीत तिचं नाव असण्याचा प्रश्नच नाही, म्हणून मी तिला लायकाच्या ५० मिमी समिक्रॉनचा कोड दिला. आता माझे सगळे फोटो सांगतात की मी समिक्रॉनने काढलेत. खोटं ओळखपत्रच ते, पण फोकल लेन्थ बरोबर येते.

वाइड लेन्सला मात्र असं बिनधास्त करू नका. आखणी वेगळी असेल तर दुरुस्ती चुकीची होते आणि कोपरे आधीपेक्षा वाईट दिसतात. फोकल लेन्थ आणि आखणी दोन्ही जवळ असलेल्या लेन्सचा कोड निवडा. कड्यात स्वतः ड्रिलने खळगे करायचा मोह होईल. धातूचा कीस लेन्समध्ये किंवा सेन्सरवर गेला तर दुरुस्ती लेन्सच्या किमतीची होऊ शकते, शिवाय विकताना भावही पडतो.

मार्करची शाई टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लेन्स काढ-घाल करताना कडं कड्यावर घासतं. माझ्या अडॅप्टरवरच्या खुणा दीड-दोन महिन्यांत पुसट होतात आणि फोटोच्या माहितीत लेन्सची जागा अचानक रिकामी दिसते. मग पुन्हा स्पिरिट, साचा आणि मार्कर. पाच मिनिटांचं काम आहे.