विश्वेश्वरय्या : धरणाइतकाच वाटपाचा विचार

धुळे, जळगाव आणि नाशिक जिल्ह्यांच्या पाटबंधाऱ्यांचा इतिहास लिहायचा झाल्यास सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव टाळता येणार नाही. म्हैसूरचे दिवाण आणि कृष्णराजसागराचे शिल्पकार म्हणून ते देशाला ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या अभियांत्रिकीची उमेदवारी झाली ती महाराष्ट्रात, आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा खानदेशात.

१५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी येथे त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूरला पदवी मिळवली. पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ साली ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून ते रुजू झाले. प्रथम नाशिक आणि नंतर धुळे येथे त्यांची नेमणूक झाली.

धुळ्याजवळ दातर्ती येथे पांझरेच्या पात्राखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे काम या तरुण अभियंत्याकडे आले. ऐन पावसाळ्यात पुराचे पाणी आणि वाहून येणारी वाळू कामात अडथळा आणू लागली. काम पावसानंतर करावे, ही त्यांची सूचना वरिष्ठांना रुचली नाही. अखेर त्यांनी ते तडीस नेलेच. खानदेशातील नद्या वर्षातील बराच काळ कोरड्या असतात आणि पावसाळ्यात पाहता पाहता रौद्र रूप धारण करतात. गिरणा आणि पांझरेच्या १८७२ च्या महापुराची आठवण त्या काळी ताजीच होती. नदीच्या या लहरीपणाचा पहिला अनुभव विश्वेश्वरय्यांनी येथे घेतला.

याच पांझरा खोऱ्यात शतकानुशतके चालत आलेली फड पद्धती नांदत होती. गावकरी नदीवर बंधारा घालून पाट काढत. भिजणारी जमीन फडांत विभागलेली असे आणि एका फडात सारे एकच पीक घेत. पाटकरी आणि जागल्या पाण्यावर लक्ष ठेवीत. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड कोरडे ठेवले जात. शेतकऱ्यांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत असल्याने तुटीचा भार एकट्यादुकट्यावर पडत नसे. निसर्गाच्या अनिश्चिततेशी जुळवून घेणारी ती एक लोकसंस्थाच होती.

विश्वेश्वरय्या १८९९ मध्ये पुण्यास आले, तेव्हा दख्खन दुष्काळाने होरपळत होते. नीरा कालव्याचे बरेचसे पाणी ठिकठिकाणी विखुरलेल्या उसाला जाई. लांबच्या चाऱ्यांतून ते मुरत असे. काही जमिनी पाणथळ होत, तर टोकाची गावे तहानलेली राहत. यावर त्यांनी ब्लॉक पद्धती सुचवली. भिजणारे क्षेत्र सलग गटांत आणावयाचे, उसाला त्यातील मर्यादित भाग द्यावयाचा, उरलेल्या भागात हंगामी पिके घ्यावयाची आणि पाण्याची हमी काही वर्षांसाठी द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. आरंभी शेतकऱ्यांनी विरोध केला. पण पाणी अधिक गावांत पोहोचावे, हा हेतू पटू लागल्यावर ती पद्धती रुजली. फड पद्धतीशी तिचे साम्य जाणकारांच्या लक्षात येण्याजोगे आहे.

खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. भिंत न वाढवता साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी उंचावली. पाणी ठराविक पातळीच्या वर गेले की दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरताच मिटत. १९०८ साली मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. त्यानंतर विश्वेश्वरय्यांनी पर्जन्यमानाच्या नोंदी तपासून पूर अडवणाऱ्या जलाशयांची योजना आखली. उस्मानसागर आणि हिमायतसागर ही तिची फळे होत. म्हैसूरला मुख्य अभियंता आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण म्हणून त्यांनी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर सात वर्षांनी, १९६९ मध्ये, नांदगाव तालुक्यात गिरणा धरण पूर्ण झाले. त्याचे पाणी नदीपात्रातून जामदा बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डाव्या-उजव्या कालव्यांनी भडगाव परिसराकडे वळते. धरणात साठा किती, यावर आवर्तने किती मिळणार हे ठरते. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे हवामानाच्या अभ्यासकांना आढळले आहे. जुन्या नोंदींवर बेतलेली गणिते यापुढे पुरी पडणार नाहीत.

महाराष्ट्राने २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवण्याचा कायदा केला. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचाही कायदा झाला. पाणी वापर संस्था कागदावर स्थापन करणे सोपे आहे. तुटीच्या वर्षी कोणी किती माघार घ्यावी, हे आधीच ठरवणे अवघड आहे. फड पद्धतीने ते साधले होते आणि विश्वेश्वरय्यांनी सरकारी कालव्यावर ते साधण्याचा प्रयत्न केला. गिरणेच्या कालव्यांवरील संस्थांनी हा प्रश्न धरण भरलेले असतानाच सोडवला, तर कोरड्या वर्षी टोकाच्या शेतकऱ्याला पाण्यासाठी भांडावे लागणार नाही.