बढती हुकली, नांगर घडला

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. वडील वेदांती, घरात यंत्राची ओळख कुणालाच नव्हती. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण डोळ्यांना रंग नीट ओळखता येईनात. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तर झाले. तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रांवर हात बसवला.

बढतीची पाळी आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. पगार गेला, पण हातातलं काम सोबत आलं.

बेळगावात भावाबरोबर सायकलींचा धंदा केला. पुढं कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी नांगर घेईनात. पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. तरी ते मागं हटले नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर निवडुंग तोडून कारखाना उभा केला. तीच आजची किर्लोस्करवाडी.

घरातून पहिल्यांदाच नोकरीला निघालेल्या पोरापोरींनी एवढं ध्यानात ठेवावं. खुर्ची द्यायची का नाही ते साहेब ठरवतो, पण तिथं शिकलेलं काम कुणी काढून घेत नाही.