विदुषी लीना स्टर्न

आपला मेंदू कवटीच्या आंत एका निर्मळ द्रवांत जणूं तरंगत असतो. म्हणून त्याचा भार हलका होतो व धक्के सौम्य होतात. रक्तांतील वाटेल तो पदार्थ मात्र तेथें शिरूं शकत नाहीं. वाटेवर कडक पहारा असतो. ह्या पहाऱ्याचा अभ्यास करण्यांत लीना स्टर्न ह्या विदुषीनें आयुष्य वेंचिलें.

स्टर्नबाईंचा जन्म १८७८ सालीं रशियन साम्राज्यांतील एका यहुदी कुटुंबांत झाला. १९१८ सालीं त्या जिनीव्हा विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक झाल्या, व १९२५ सालीं मॉस्कोस गेल्या. क्षयजन्य मेंदूज्वरानें त्या काळीं मुलें हटकून दगावत. स्ट्रेप्टोमायसिन हें नवें औषध नुसतें टोंचलें तर पहाऱ्यापाशींच बहुतेक अडे. तेव्हां बाईंनीं तें थेट मेंदूभोंवतालच्या द्रवांतच सोडिलें, आणि मरणोन्मुख बालकें वांचूं लागलीं. ह्या एका गोष्टीपुढें त्यांच्या साऱ्या पदव्या आम्हांस फिक्या वाटतात.

अशा बाईंस १९४९ सालीं, वयाच्या सत्तरीत, सोव्हिएट सरकारनें तुरुंगांत घातलें! त्याच खटल्यांतील १३ जणांस १९५२ सालीं गोळ्या घालण्यांत आल्या. बाईंच्या वांट्यास कझाकस्तानांतील हद्दपारी आली. १९५३ सालीं त्या सुटून आल्या व पुनः संशोधनास लागल्या, त्या १९६८ सालीं देह ठेवीपर्यंत.